‘मिला’ की ‘मिले’: एका निर्यात-पत्रातल्या एका स्वराचं प्रकरण

शुक्रवारी संध्याकाळी साडेसातला इंदूरजवळच्या पीथमपूरच्या एका औषध कंपनीतून पेरूला मेल गेला. लिमात तेव्हा सकाळचे नऊ असतात, त्यामुळे इथे दिवस संपताना लिहिलेलं पत्र तिथे ऑफिस उघडताच वाचलं जातं. पत्र स्पॅनिशमध्ये, चार ओळींचं होतं. तिसरी ओळ अशी: ‘क्वांदो रेसिबीमोस एल सेर्तिफिकादो, एन्बियामोस लास म्वेस्त्रास.’

लिहिणाऱ्याला म्हणायचं होतं, “सर्टिफिकेट मिळालं की सॅम्पलं पाठवतो.” लिमातल्या माणसाने वाचलं, “सर्टिफिकेट मिळालं तेव्हा सॅम्पलं पाठवली.” त्याने त्याच दिवशी आभाराचं उत्तर टाकलं, एअरवे बिलाचा, म्हणजे विमानाने निघालेल्या मालाच्या पावतीचा, नंबर मागितला आणि माल निघाल्याचं आपल्या कस्टम एजंटला कळवूनही टाकलं. सोमवारी सकाळी इकडे ते उत्तर वाचलं गेलं तेव्हा सॅम्पलं कपाटातच होती आणि सर्टिफिकेट यायचं होतं.

पुढचे चार दिवस खुलाशांत गेले. पैशाचं नुकसान असं झालं नाही, पण साहेबांचा एक प्रश्न पत्र लिहिणाऱ्या पोराला फार लागला: “स्पॅनिश येतं म्हणाला होतास ना?” खरं तर हा प्रश्न मला विचारायला हवा होता. त्याला स्पॅनिश मी शिकवत होते.

अशा लेखनात माणसाला ‘श्री. क्ष’ म्हणायची पद्धत आहे. इंदुरात ती शोभणार नाही. इथे दूधवाल्यापासून कलेक्टरपर्यंत कोणालाही हाक मारायला एकच शब्द पुरतो, तेव्हा आपणही त्याला भिया म्हणू. वय सत्तावीस, घर सुदामानगरात, फार्मसीची पदवी, नोकरी निर्यात विभागात. रोज सकाळी कंपनीच्या बसने पीथमपूर, रात्री परत, आणि आठवड्यातून दोनदा रामबागेत माझ्याकडे. ग्राहक लॅटिन अमेरिकेतले म्हणून कंपनीला स्पॅनिश लिहिणारा कोणीतरी हवा होता. भियाने हात वर केला आणि दीड वर्षात ब-एक (बी-वन) म्हणजे मधल्या पातळीच्या आसपास पोचला. इन्स्तितुतो सेर्वांतेस या स्पेनच्या सरकारी संस्थेच्या डेले या स्पॅनिशच्या परीक्षेला दिल्लीला जायचा त्याचा विचार होता.

एक गोष्ट आधी सांगून ठेवते, कारण पुढे सगळं तिच्यावर येतं. भियाच्या घरात मराठी बोलतात, होळकरांच्या काळापासून बोलत आले आहेत. उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की हिंदी. शाळा-कॉलेज इंग्रजीत. इंदूरच्या मराठी घरांत हे इतकं नेहमीचं आहे की कोणी त्याची नोंदही घेत नाही. मीही घेतली नव्हती.

चूक कुठे झाली

स्पॅनिशमध्ये ‘रेसिबीमोस’ म्हणजे ‘आम्हाला मिळतं’, आणि ‘रेसिबीमोस’ म्हणजेच ‘आम्हाला मिळालं’. ‘आम्ही’च्या रूपात ‘-आर’ आणि ‘-ईर’ या गटांतल्या बहुतेक क्रियापदांचा वर्तमान आणि साधा भूतकाळ एकसारखाच दिसतो. ‘एन्बियामोस’चंही तेच: पाठवतो किंवा पाठवलं. (‘-एर’ गटात फरक राहतो. ‘कोमेमोस’ म्हणजे खातो, ‘कोमीमोस’ म्हणजे खाल्लं.) भियाने निवडलेली दोन्ही क्रियापदं नेमकी एकसारखी दिसणारी निघाली. नुसता कसला तरी नियम सांगत असता, ‘ऑर्डर मिळाली की आम्ही पोच देतो’ या धर्तीवर, तर वाक्य वर्तमानात वाचलं गेलं असतं. पण एका ठरावीक सर्टिफिकेटबद्दल असं लिहिलं तर स्पॅनिश माणूस झालेली घटनाच वाचणार.

हवं होतं ते असं: ‘क्वांदो रेसिबामोस एल सेर्तिफिकादो, एन्बियारेमोस लास म्वेस्त्रास.’ दुसऱ्या अर्ध्यात साधा भविष्यकाळ. पहिल्या अर्ध्यात ‘बी’च्या जागी ‘बा’. हा एक स्वर बदलला की वाचणाऱ्याला कळतं की सर्टिफिकेट अजून आलेलं नाही. हेच सब्जंक्टिव्ह. घडलेलं किंवा घडत असलेलं सांगायला एक रूप, आणि जे अजून कोणाच्या मनात, इच्छेत, शंकेत किंवा वाटेवर आहे त्याला दुसरं.

त्या सोमवारी रात्री भिया माझ्याकडे आला तो माफीचं पत्र घेऊन. त्यातही पहिल्याच ओळीत तसलीच चूक होती. ‘गोंधळ झाला याबद्दल दिलगीर आहोत’ म्हणताना त्याने ‘लामेंतामोस के आ आबीदो’ लिहिलं होतं, हवं होतं ‘लामेंतामोस के आया आबीदो’. मी पेनाने ‘या’ घातला.

तो म्हणाला, “ताई, गोंधळ तर झालाय ना? त्यात शंका कसली?”

मी म्हणाले, “नियम आहे. आत्ता लिही, नंतर सांगते.”

हे वाक्य आपण शिक्षक किती सहज बोलून जातो.

सहा अक्षरांचा ताईत

पत्र गेल्यावर मी त्याला विचारलं, “‘क्वांदो’ नंतर सब्जंक्टिव्ह का नाही वापरलंस?” त्याने वही उघडली आणि मीच वर्षभरापूर्वी लिहून दिलेलं पान दाखवलं. इंग्रजीतून स्पॅनिश शिकवणाऱ्या जगात एक शब्द फार चालतो: वीअर्डो (WEIRDO). त्याच्या सहा इंग्रजी अक्षरांत सहा प्रसंग कोंबलेले असतात. इच्छा, भावना, ‘हे गरजेचं आहे’ सारखी निनावी विधानं, शिफारस, शंका किंवा नकार, आणि शेवटचा ‘ओ’ म्हणजे ‘ओहाला’. (हा ‘ओहाला’ अरबीतून आलेला, ‘देवाची इच्छा असेल तर’ या अर्थाचा. आपल्या ‘इन्शाल्ला’चा सख्खा नसला तरी चुलत भाऊ.) मी स्वतः पुण्यात इंग्रजी पुस्तकांवरून शिकले तेव्हा मलाही हाच ताईत मिळाला होता, आणि मी तो जसाच्या तसा पुढे बांधला.

भिया म्हणाला, “यात क्वांदो कुठाय?”

नव्हताच. वीअर्डोची सहा अक्षरं फक्त एका प्रकारच्या वाक्यांची सोय करतात: ‘मला वाटतं की’, ‘मला हवं की’ अशा ‘की’नंतरच्या वाक्यांची. ‘क्वांदो’ (जेव्हा), ‘पारा के’ (म्हणून, साठी), ‘आन्तेस दे के’ (आधी), ‘आउन्के’ (जरी) यांच्यामागे येणारं सब्जंक्टिव्ह त्यात बसत नाही. ‘असा एजंट हवा, जो इंग्रजी बोलेल’ यातलंही नाही. आणि व्यापारी पत्रव्यवहार तर यावरच चालतो. कागद मिळाल्यावर, मंजुरी येण्याआधी, माल सुटावा म्हणून. इच्छा आणि भावना कोण लिहितो एअरवे बिलात?

दुसरी गोष्ट जरा खोल होती. भिया वाक्य इंग्रजीत जुळवून स्पॅनिशमध्ये नेत होता. इंग्रजीत ‘व्हेन वुई रिसीव्ह’ म्हटलं तर त्या क्रियापदावर कसलीच खूण नसते. रोज मिळतं की पुढे मिळेल, हे बाकीच्या वाक्यावरून समजून घ्यायचं. जी खूण ज्या भाषेत दिसत नाही, तिथून ती कशी उचलणार? मला ही गोष्ट पाठ होती. तरी पुढचे तीन आठवडे मी काय केलं, तर तक्ते दिले. आब्लो, आब्लास, आब्ला. आब्ले, आब्लेस, आब्ले. भियाने ते चोख पाठ केले. तक्ता विचारला की बरोबर, पत्र लिहायला बसला की पुन्हा ‘रेसिबीमोस’.

फोन

जुलैचा दुसरा किंवा तिसरा शनिवार असेल. पाऊस होता, वीज गेली होती, भिया मोबाइलच्या उजेडात वाक्यं लिहीत होता. तेवढ्यात ट्रान्सपोर्टवाल्याचा फोन आला. “एक मिनिट, ताई” म्हणून तो गॅलरीत गेला आणि जे बोलला ते मी शब्दशः लिहून घेतलं:

“हाँ भिया, जैसे ही गाडी पहुँचे, मुझे फोन करना. और ऐसा आदमी भेजना जो गिनके माल दे.”

तो आत येईपर्यंत मी फळ्यावर दोन ओळी लिहून ठेवल्या होत्या. ‘गाडी पहुँची.’ ‘गाडी पहुँचे.’

“यात फरक काय?”

तो हसला. “हे काय विचारणं झालं? ‘पहुँची’ म्हणजे पोचली. ‘पहुँचे’ म्हणजे अजून यायचीये.”

“कोणी शिकवलं?”

“कोणी कशाला शिकवेल?”

मी खाली लिहिलं, ‘सर्टिफिकेट मिला.’ ‘सर्टिफिकेट मिले.’ आणि त्याखाली ‘रेसिबीमोस’, ‘रेसिबामोस’. बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, “म्हणजे मी लिमाला ‘मिला’ लिहिलं.”

मी इतकी वर्षं स्पॅनिश शिकवते आहे. दोन भाषांमधली एवढी सरळ गाठ माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मी ती पाहिली नव्हती, कारण माझ्या डोक्यात स्पॅनिशचा रस्ता इंग्रजीतूनच जातो असं बसलं होतं. हिंदीत तर हे रूप रोज तोंडात असतं. ‘भगवान भला करे.’ ‘आप कागज भेजें.’ ‘शायद आए.’ ‘ताकि माल छूटे.’ ‘जब मिले तब.’ आशीर्वाद, विनंती, शक्यता, हेतू, पुढची वेळ, सगळीकडे तोच ‘ए’. स्पॅनिशही या सगळ्या ठिकाणी एकच रूप वापरतं. ट्रान्सपोर्टवाल्याला सांगितलेला दुसरा भागही तसाच: ‘जो गिनके माल दे’ म्हणजे असा माणूस, जो अजून ठरलेला नाही. ‘जो देता है’ म्हटलं तर रोजचा ओळखीचा माणूस. स्पॅनिशमध्ये ‘नेसेसितामोस उन आहेन्ते के आब्ले इंग्लेस’, असा एजंट हवाय जो इंग्रजी बोले. ‘तेनेमोस उन आहेन्ते के आब्ला इंग्लेस’, एजंट आहे, तो इंग्रजी बोलतो. ‘आब्ले’ आणि ‘आब्ला’, पुन्हा एका स्वराचाच खेळ.

रूपं बनवायची रीत त्यानंतर त्याने तासाभरात उचलली, कारण आता ती कशासाठी आहेत हे ठाऊक होतं. ‘मी’चं वर्तमानकाळी रूप घ्यायचं, शेवटचा ‘ओ’ काढायचा, आणि उलटा स्वर लावायचा: ‘-आर’ गटाला ‘ए’, बाकी दोघांना ‘आ’. ‘तेंगो’चं ‘तेंगा’, ‘दीगो’चं ‘दीगा’, ‘आगो’चं ‘आगा’. ‘मी’च्या रूपात शेवटी ‘ओ’ नसतो अशी क्रियापदं सहाच, सोय, एस्तोय, बोय, दोय, ए, से. ही रीत तिथे चालत नाही, त्यांची रूपं पाठच करायची: सेआ, एस्ते, बाया, दे, आया, सेपा.

एक अडचण भियानेच काढली. “ताई, ‘पैसे मिले’मध्ये पण ‘मिले’ आहे, पण ते तर मिळून गेलेत.” बरोबर. पुल्लिंगी अनेकवचनातलं ‘मिळाले’ आणि एका वस्तूचं ‘अजून मिळायचंय’ हिंदीत एकसारखंच दिसतं, जशी स्पॅनिशमध्ये ‘रेसिबीमोस’ची दोन रूपं दिसतात. मग आम्ही ठरवलं, हिंदीत तपासताना वस्तू एकच घ्यायची, नाहीतर सरळ ‘गाडी’ घ्यायची.

आणि मराठी?

वाचणाऱ्यांपैकी अनेकांच्या मनात आलं असेल की मग मराठीचं काय. भियाच्या आईनेही हेच विचारलं, जरा दुखावून. “घरात मराठी, आणि उजेड पडला तो ट्रकवाल्याच्या हिंदीने?”

मराठीत ही सगळी हत्यारं आहेत, पण वेगवेगळ्या खणांत ठेवलेली. शाळेत क्रियापदाचे अर्थ चार शिकवत: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. स्वार्थ म्हणजे आहे ते सांगणं. उरलेल्या तिघांत स्पॅनिश सब्जंक्टिव्हचा बराच संसार मावतो. ‘आपण यावं अशी इच्छा आहे’ यातलं ‘यावं’ विध्यर्थ, आणि ते ‘क्येरो के बेंगा’शी ओळीला ओळ जुळतं. सरकारी पत्रातलं ‘कागदपत्रे पाठवावीत ही विनंती’ म्हणजे स्पॅनिश व्यापारी पत्रातलं ‘रोगामोस के नोस एन्बीएन’. भियाच्या आजोबांची जुनी पत्रं घरात जपून ठेवली आहेत, त्यातलं प्रत्येक ‘कळावे, लोभ असावा’ने संपतं. दोन शब्दांच्या अंतरात दोन विध्यर्थ. लिमाचा माणूस पत्राच्या शेवटी ‘के तेंगा उन ब्वेन दीआ’ लिहितो, आपला दिवस चांगला जावो. हा ‘जावो’, ‘लाभो’, ‘होवो’ वेगळ्या खणातला. आणि ‘मिळालं असतं तर’ हा संकेतार्थ, तो तर स्पॅनिशच्या ‘सि उब्येरामोस रेसिबीदो’ला इतका चपखल बसतो की भियाला ते रूप समजावावंच लागलं नाही.

अडतं ते नेमकं ‘क्वांदो’पाशी. मराठी माणूस पुढची गोष्ट सांगताना काय म्हणतो? ‘सर्टिफिकेट मिळालं की पाठवतो.’ ‘तू पोचलास की फोन कर.’ न घडलेल्या गोष्टीला आपण घडून गेल्याचं रूप देतो. पोचलास! अजून बसमध्येही बसलेला नसतो. म्हणजे भियाच्या चुकीला इंग्रजीने खड्डा खणला होता आणि मराठीने हलकेच ढकललं होतं. त्याचं चुकलेलं वाक्य मराठीत शब्दाला शब्द ठेवून वाचलं तर खटकतही नाही. आईला हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, “मग मराठीत पण चुकतंच का आपलं?” चुकत नाही. तो ‘की’ आपलं काम करतो, रूपाला करावं लागत नाही.

पूल कुठे तुटला

दोन आठवडे सगळं सुरळीत चाललं. पत्रात ‘क्वांदो’ आलं की भिया मनात हिंदी लावून बघायचा. मग एका मसुद्यात ‘सि रेसिबामोस’ दिसलं. ‘अगर मिले तो’, म्हणून ‘रेसिबामोस’.

माझ्या चमत्काराची हवा गेली. हिंदी ‘अगर’नंतर ‘मिले’ आनंदाने घेते. स्पॅनिश ‘सि’नंतर वर्तमान सब्जंक्टिव्ह येत नाही. ‘सि रेसिबीमोस एल सेर्तिफिकादो, एन्बियारेमोस’ असंच हवं. ‘जर’ने बांधलेली गोष्ट पुढची असली तरी स्पॅनिश ती साध्या वर्तमानात सांगतं. मात्र जेव्हा ती गोष्ट दूरची किंवा अशक्य वाटते तेव्हा एकदम भूतकाळी सब्जंक्टिव्हवर उडी मारतं: ‘सि रेसिब्येरामोस’. मधली पायरी नाहीच. मी भियाला कारण शोधत बसू नकोस म्हटलं. वहीच्या पानावर लाल शाईने ‘अगर’ लिहून त्यावर फुली मारली. ज्या ठिकाणी दोन भाषा एकमेकींशी जुळत नाहीत तिथे कारणं जुळवत बसण्यापेक्षा फुली बरी, असं माझं मत आहे. इतर शिक्षकांना ते पटत नाही हे मला माहीत आहे.

दुसरी मोडतोड ‘मला वाटत नाही’पाशी. ‘तो येईल असं मला वाटत नाही.’ ‘मुझे नहीं लगता कि वो आएगा.’ दोन्हीकडे सरळ भविष्यकाळ. म्हणून भिया ‘नो क्रेओ के येगारा’ लिहितो, आणि हवं असतं ‘नो क्रेओ के येगे’. ‘क्रेओ के’ला साधं रूप, ‘नो क्रेओ के’ला सब्जंक्टिव्ह. हे आजही त्याला अडतं. इथे आपल्या कुठल्याच भाषेची मदत नाही, फक्त सराव.

आणि मग राहिलं होतं ते माफीचं पत्र. ‘नंतर सांगते’ म्हणून टाळलेला प्रश्न त्याने विसरू दिला नाही. ‘लामेंतामोस के आया आबीदो उना कोंफुसियोन.’ गोंधळ झालाय, दोघांना माहीत आहे. मग न घडलेल्या गोष्टीचं रूप कशाला?

मी त्याला दुसरं वाक्य दिलं: ‘ले इन्फोर्मो के आ आबीदो उना कोंफुसियोन.’ गोंधळ झाला आहे असं आपणास कळवतो. इथे साधं रूप. घटना तीच, गोंधळ तोच. मग बदललं काय? भियाने दोन्हींची मराठी करून पाहिली, मोठ्याने. “गोंधळ झाला आहे, असं कळवतो.” “गोंधळ झाल्याबद्दल दिलगीर आहोत.” आणि थांबला. “‘झाला आहे’चं ‘झाल्याबद्दल’ झालं.”

तेच. पहिल्या वाक्यात गोंधळ ही बातमी आहे, आपण ती सांगतो आहोत, म्हणून क्रियापद आपल्या पायावर उभं आहे. दुसऱ्यात बातमी दिलगिरीची आहे. गोंधळ आधीच टेबलावर पडलेला आहे, तो कोणी नव्याने सांगत नाही, म्हणून मराठी त्या क्रियापदाचे पाय काढून घेते आणि त्याला ‘झाल्याबद्दल’ करून दिलगिरीच्या मागे बसवते. स्पॅनिश पाय काढत नाही, रूप बदलतं. सब्जंक्टिव्ह म्हणजे ‘शंका’ हे पुस्तकी समीकरण इथे गळून पडतं. प्रश्न गोष्ट खरी की खोटी हा नसतो. बोलणारा ती ठामपणे सांगतो आहे की नाही, हा असतो. ‘तू आल्याचा आनंद झाला’ म्हणजे ‘मे आलेग्रो दे के आयास बेनीदो’. जिथे मराठीत ‘आल्याचा’, ‘झाल्याबद्दल’, ‘राहिल्याचं’ असं काही येतं आणि त्यामागे आनंद, खेद, आश्चर्य असतं, तिथे भिया आता आपण होऊन थांबतो. आईची तक्रार अशी उशिरा का होईना निवारली गेली. हा उजेड मराठीचा होता.

जाता जाता एक गंमत. ऑगस्टमध्ये लिमाहून करारनाम्याचा मसुदा आला. त्यात एका कलमात ‘सि उब्येरे लुगार’ असं होतं. भियाने तक्ते चाळले, हे रूप कुठेच नाही. हा स्पॅनिशचा भविष्यकाळी सब्जंक्टिव्ह. बोलण्यातून केव्हाच गेलेला, पण वकिलांच्या कागदांत आणि काही म्हणींत जिवंत. ‘आदोन्दे फ्वेरेस, आस लो के ब्येरेस’, जाशील तिथे जे पाहशील ते कर. भियाला मी सांगितलं, याच्या नादी लागू नकोस, वाचता आलं तरी पुरे. आपल्याकडच्या खरेदीखतातलं ‘सदरहू’ कोण बोलतो?

सध्या

सर्टिफिकेट यथावकाश आलं, सॅम्पलं गेली. लिमाच्या माणसाने आता भियाला पत्रात नावाने हाक मारायला सुरुवात केली आहे. डेले परीक्षा त्याने पुढे ढकलली, मीच सांगितलं म्हणून. बोलताना सब्जंक्टिव्ह अजून अडखळत येतो. लिहिताना हिंदी लावून बघायला वेळ मिळतो, फोनवर मिळत नाही. साहेब आता मशीनकडून भाषांतर करून घ्या म्हणतात. मशीनने ते वाक्य बरोबर केलं असतं यात शंका नाही. मग मी ते पाहिलं नसतं, आणि ‘पहुँची’-‘पहुँचे’ फळ्यावर आलं नसतं.

माझ्याकडच्या नव्या मुलांना मी वीअर्डो देणं बंद केलं आहे. पहिल्या दिवशी ट्रान्सपोर्टवाल्याचा फोन लिहून देते.

परवा रात्री भियाचा मेसेज आला. “ताई, ‘उना बेस के’ला काय लागेल? नोंदणी एकदा मंजूर झाली की पुढचा लॉट.”

मी लिहिलं, “हिंदीत म्हण.”

“एक बार मंजूर हो जाए, फिर भेजेंगे. म्हणजे ‘से आप्रुएबे’.”

मी अंगठा पाठवला. दोन मिनिटांनी पुन्हा आला. “पण ताई, आमच्या बसमध्ये सगळे म्हणतात, ‘एक बार मंजूर हो गया तो भेज देंगे’. ‘हो गया’ म्हणजे तर झालेलं ना? मग?”

मी उत्तर लिहायला घेतलं, खोडलं, पुन्हा घेतलं. हिंदीही मराठीसारखी न झालेल्याला झालेलं म्हणते तर! हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. शेवटी एवढंच पाठवलं: “शनिवारी ये. फळा पुसून ठेवते.”